दहा प्रश्न आणि एक आकडा

आजचा विषय अवघड आहे. लहान मुलं जवळ असतील तर हा भाग नंतर ऐका.

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा तसंच वागेल का, हे ठरवायचं कसं?

बराच काळ यासाठी डॉक्टरांच्या अंदाजावरच भिस्त असे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्सट्रॉम खटल्याचा निकाल दिला. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगार मनोरुग्णांच्या बंदोबस्तातल्या रुग्णालयांतून ९००हून अधिक जणांना साध्या रुग्णालयांत हलवावं लागलं. सगळे काही लैंगिक गुन्हेगार नव्हते, पण 'धोकादायक' हा शिक्का सगळ्यांवर होता. पुढे संशोधकांनी मागोवा घेतला, तर बहुतेकांनी कोणावर हात उचललाच नव्हता!

मग आकडेमोडीला महत्त्व आलं. ती तशी जुनीच. १९२८ मध्ये अर्नेस्ट बर्जेस यांनी इलिनॉयमधल्या पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांच्या नोंदींवरून २१ मुद्द्यांची गुणपद्धत मांडली होती. १९९९ मध्ये कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि ब्रिटनचे डेव्हिड थॉर्नटन यांनी लैंगिक गुन्हेगारांसाठी 'स्टॅटिक-९९' आणली. त्यात प्रश्न फक्त १०. वय किती, आधी असे गुन्हे किती, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, वगैरे. बहुतेक उत्तरं कागदपत्रांतूनच मिळतात.

बँकांसाठी कर्जदारांचा स्कोअर काढणाऱ्या प्रणाली बसवणं हे माझं काम, त्यामुळे ही पद्धत ओळखीची वाटली. पण आमचा अंदाज चुकला तर पैसे बुडतात. इथे धोका कमी धरला तर एखाद्या मुलाचं बालपण जातं, जास्त धरला तर कोणीतरी विनाकारण कोंडला जातो. शिवाय हा आकडा त्या एका माणसाचं भविष्य सांगत नाही. तेवढेच गुण मिळालेल्या शंभरांपैकी साधारण किती जण पुन्हा सापडले, एवढंच सांगतो. ज्या गुन्ह्यांची तक्रारच झाली नाही, ते तर हिशेबाबाहेरच राहतात.

२०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने यूअर्ट खटल्यात नेमकी दुखरी नस पकडली. 'स्टॅटिक-९९'सारख्या चाचण्या मूलनिवासी कैद्यांनाही तितक्याच लागू पडतात का, याची खात्री तुरुंग खात्याने करून घेतली नव्हती, आणि ते त्याचं कायदेशीर कर्तव्य होतं, असं न्यायालयाने सांगितलं.

मीही एक बाप आहे. शेजारी कोण राहायला येतंय, याची काळजी मलाही वाटते, म्हणून आकडा मला हवाच आहे. पण परक्या देशात राहणाऱ्या आपण हेही विचारायला हवं, की तो कोणाच्या नोंदींवरून काढलाय?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.