रमोनाच्या खोड्या आणि घरची मिळकत

कोंतेस द सेग्युर या फ्रेंच लेखिकेची व्रात्य सोफी १८५८ साली वाचकांपुढे आली, तेव्हा खोडीमागोमाग बहुधा शासन ठरलेलेच असे. हास्याला बोधाच्या आधी फारशी उसंत मिळत नसे. अमेरिकन लेखिका बेव्हर्ली क्लिअरी (१९१६–२०२१) यांनी ही सांगड मोडली. ‘बीझस अँड रमोना’ (१९५५) मधील धाकटी रमोना प्रत्येक सफरचंदाचा एकच घास घेते, कारण पहिला घास सर्वांत गोड! या युक्तिवादास मोठ्यांपाशी उत्तर नसते. उष्टी फळे शिजवून त्यांचा गर करणे एवढेच त्यांच्या हाती उरते.

याहून महत्त्वाचा टप्पा ‘रमोना अँड हर फादर’ (१९७७) हा होय. पोर्टलंडमधील या घरात वडिलांची नोकरी सुटते आणि टंचाई विनोदातच मिसळून जाते. स्वस्तातले खाणे नापसंत असलेले मांजर सणासाठी कोरलेला भोपळा कुरतडते. भोपळ्यावरून पैशाची आणि पैशावरून वडिलांच्या सिगारेटींची गोष्ट निघते. मग रमोना धूम्रपानाविरुद्ध पाट्या लावीत सुटते. तिचा हट्ट हास्यास्पद खरा. तथापि त्यामागे वडील दगावतील ही धास्ती आहे.

‘रमोना क्विम्बी, एज एट’ (१९८१) मध्ये उकडलेले अंडे डोक्यावर आपटून फोडण्याची शाळेत टूम निघते. आईने सकाळच्या गडबडीत डब्यात कच्चेच अंडे ठेवलेले असते. चूक आईची, फजिती मात्र मुलीची. आणि केसांतील बलकापेक्षाही, आपण उपद्रवी आहोत हे शिक्षिकेचे कानी पडलेले मत तिला अधिक लागते.