दिवा बंद करायचे बटण कुठे गेले? #थ्रेड

१/१४
२०१७ च्या उन्हाळ्यातील एक दुपार डोळ्यांपुढे आणा. उमरेडहून नागपूरकडे एक नवीकोरी मोटारसायकल निघाली आहे. वर विदर्भाचे ऊन, आणि गाडीचा पुढचा दिवा लख्ख पेटलेला. समोरून येणारा हात वर करून मूठ उघडतो, मिटतो : "भाऊ, लाइट सुरू आहे!" चालक बटण चाचपतो. बटण जागेवर नसतेच.

२/१४
ते बटण नियमाने काढून घेतले होते. १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींना 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन', म्हणजेच एएचओ, बंधनकारक झाले. इंजिन सुरू झाले की दिवा पेटणार आणि इंजिन थांबेपर्यंत जळणार. अप्पर-डिपरचा खटका राहिला, चालू-बंदचा गेला. नव्या मोटारींच्या 'डीआरएल' दिव्यांविषयी हाच प्रश्न आज पुन्हा विचारला जातो : हे बंद कसे करायचे? या प्रश्नामागे शतकभराचा इतिहास आहे.

३/१४
वास्तविक ही कथा मोटारीच्याही आधी सुरू होते. रात्री चालणाऱ्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे, आणि बैलांना वाट ठाऊक असे. मागून-पुढून येणाऱ्याला 'येथे गाडी आहे' एवढे कळावे, हे त्या कंदिलाचे मुख्य काम होते. पुढे रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातही विनादिवा सायकलस्वाराला पोलीस अडवू लागले, त्यामागेही हेच कारण होते. पाहण्यासाठीचा दिवा आणि दिसण्यासाठीचा दिवा हा भेद लक्षात ठेवा. पुढचा सारा वाद त्यातूनच उभा राहतो.

४/१४
आरंभीच्या मोटारींत कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. ते पेटवणे आणि विझवणे, दोन्ही खटाटोपाचे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रुळली. उजेड चालकाच्या बोटाशी आला. दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा, हे ठरवणारा आता तोच झाला.

५/१४
कायद्याने या अधिकाराला रात्रीपुरती मर्यादा घातली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावण्यास सांगतो. उजेड अपुरा असेल तर इतर वेळीही. भर दिवसाचा प्रश्न मात्र चालकाच्या मर्जीवर राहिला.

६/१४
मग युद्धांनी उलटाच धडा दिला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये 'ब्लॅकआउट' लागू झाला आणि शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून मोटारींचे दिवे झाकले गेले. अंधारात अपघात इतके वाढले की १९४० मध्ये वस्तीत रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैलांवर आणावी लागली. तरीही १९४१ मध्ये तेथे रस्त्यांवर नऊ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शत्रूपासून लपण्याची किंमत रस्त्यावर चुकवावी लागली.

७/१४
१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारतातही दिवे मालवले गेले. खिडक्यांना काळे कागद लागले, हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ही काळी पट्टी युद्धानंतरही अनेक वर्षे वाहनांवर टिकून राहिली. त्या पिढीच्या मनात दिवा मालवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून रुजले होते. २०१७ मध्ये भर दुपारचा दिवा पाहून मूठ उघडमीट करणाऱ्यांत त्या पिढीचीही माणसे असतील.

८/१४
दिवसा दिवा लावण्याची कल्पना उत्तर युरोपात रुजली. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो आणि दिवसही संधिप्रकाशासारखाच असतो. फिनलंडने १९७२ मध्ये शहराबाहेरील रस्त्यांवर हिवाळ्यात दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून तो नियम वर्षभरासाठी लावला. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर बनणाऱ्या मोटारींत ही सोय अनिवार्य केली. डेन्मार्क १९९० मध्ये या रांगेत आला.

९/१४
यामागचे कारण साधे आहे. पार्श्वभूमीपासून ठळकपणे वेगळी असलेली वस्तू डोळ्याला लवकर जाणवते. समोरून येणारी मोटारसायकल अरुंद असते. तिचे अंतर आणि वेग यांचा अंदाज सहज चुकतो. "मी पाहिले होते, पण ती दिसलीच नाही," हे अपघातानंतरचे वाक्य बहुधा खोटे नसते. झाडांच्या सावलीतून, धुळीतून किंवा आषाढाच्या सरींतून येणारी दुचाकी दिव्यामुळे थोडी आधी कळते, आणि ब्रेक दाबायला तेवढा वेळही मोलाचा असतो.

१०/१४
मग विरोध का झाला? ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा दिवे सक्तीचे केले आणि जानेवारी २००८ मध्ये ती सक्ती मागे घेतली. सर्वांचे दिवे पेटले की ज्यांच्याकडे दिवा नाही ते पादचारी नजरेआड होतात, हा तेथील महत्त्वाचा आक्षेप होता. युरोपातील मोटारसायकलस्वारांची तक्रारही याच जातीची : मोटारींनाही दिवे लागले तर आमचे वेगळेपण काय राहिले? हे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

११/१४
युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना स्वतंत्र डीआरएल बंधनकारक केले. त्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला. हा दिवा रस्ता दाखवत नाही, फक्त गाडी दाखवतो. बैलगाडीचा कंदील पुन्हा अवतरला म्हणा! बंद करण्याविषयीची तरतूद तर फारच बोलकी आहे. ताशी १० किमीपर्यंत चालकाला तो हाताने बंद करण्याची मुभा देता येते. परंतु वेग त्यापुढे गेला किंवा गाडी १०० मीटरहून अधिक चालली की तो आपोआप पेटलाच पाहिजे. उभ्या गाडीचा दिवा मालकाचा, धावत्या गाडीचा सर्वांचा.

१२/१४
भारतात रस्तासुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एएचओचा आग्रह धरला आणि २०१७ चा नियम आला. तो दुचाकींपुरता होता. मोटारींतील डीआरएल बहुतांशी उत्पादकांच्या पसंतीने आले. म्हणून ते बंद करण्याची रीतही प्रत्येक गाडीत निराळी : कुठे पडद्यावरील मेनूत, कुठे हँडब्रेक ओढल्यावर. आपल्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे. वायर तोडण्याच्या फंदात पडू नये.

१३/१४
खरा धोका मात्र वेगळाच आहे. अनेक गाड्यांत डीआरएल लागले तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत. समोर उजेड, डॅशबोर्डही उजळलेला. चालकाला वाटते, दिवे लागलेच आहेत. उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, कापसाच्या हंगामात ट्रॉल्या असतात. तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे धावणारी, पाठीमागून अंधारी असलेली मोटार ही १९३९ च्या ब्लॅकआउटचीच धाकटी आवृत्ती होय. डीआरएल बंद कसे करावे हे शिकण्याआधी हेडलाइट कधी लावावा हे शिकलेले बरे.

१४/१४
आज कुणी मूठ उघडमीट करत नाही. दिवसाचा दिवा डोळ्यांच्या सवयीचा झाला. पण त्या खुणेत एक माया होती : अनोळखी माणसाची बॅटरी उतरू नये म्हणून चालत्या गाडीवरून हात उंचावण्याची. आपल्या घरच्या जुन्या छायाचित्रांत अर्धा काळा हेडलाइट असलेली जीप, स्कूटर किंवा ॲम्बॅसॅडर असेल, तर आजोबांना त्या काळ्या रंगाविषयी जरूर विचारा आणि त्यांचे उत्तर येथे लिहा.