यकृतदात्याचे पित्ताशय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नवेगाव बांधच्या अरण्यात आढळणाऱ्या चितळ व सांबर या प्राण्यांना पित्ताशय नसते. मृगांच्या या वैशिष्ट्याची नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली होती. पित्ताशयाविना जीवन शक्य आहे, ही जाणीव पुढे शल्यशास्त्राला उपकारक ठरली. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी एका रुग्णाचे पित्ताशय यशस्वीरीत्या काढले. मात्र तो अवयव रोगग्रस्त होता. निरोगी पित्ताशयाचा प्रश्न शतकानंतर उद्भवला.

१९८८ मध्ये ब्राझीलमध्ये सिल्व्हानो राया यांनी जिवंत दात्याच्या यकृताचा भाग रोपण करण्याचा पहिला प्रयत्न केला. १९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांना त्यात यश लाभले. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे एका बालकाला पित्याच्या यकृताचा भाग देण्यात आला.

पित्ताशय यकृताच्या उजव्या व डाव्या खंडांच्या सीमेवर असते. त्याची रक्तवाहिनी बहुधा उजव्या यकृतधमनीतून निघते. त्यामुळे उजवा खंड देताना ते काढणे अपरिहार्य ठरते. शिवाय त्याच्या नलिकेतून रंगद्रव्य सोडून पित्तवाहिन्यांची रचना क्ष-किरणांद्वारे पाहता येते. परंतु बालकासाठी डाव्या बाजूचा लहान भाग घेताना छेदरेषा पित्ताशयापासून दूर राहते. अशा वेळी ते जतन करणे शक्य असते.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते, पित्ताशय मात्र पुन्हा निर्माण होत नाही. ते काढल्यावर पित्त साठवले न जाता सतत आतड्यात उतरते व काहींना अतिसाराचा त्रास होतो. रुग्णाच्या बाबतीत हा त्रास उपचाराची किंमत ठरतो. दाता तर रुग्णच नसतो.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ हा ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार अवयव काढण्याचे सर्व संभाव्य परिणाम व धोके दात्याला समजावून सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. यकृताबरोबर पित्ताशयही जाणार का, हा प्रश्न वस्तुतः याच कलमाच्या कक्षेत येतो. आपल्या मुलासाठी यकृत देणारी माता क्वचितच असा प्रश्न विचारते. म्हणूनच तिने न विचारताही त्याचे उत्तर तिला मिळाले पाहिजे.

सारांश, ज्याच्यावाचून जगता येते ते सारेच निरुपयोगी नसते. दात्याच्या शरीरातून आवश्यक तेवढेच घ्यावे, हा या इतिहासाचा बोध होय.