वजनाचं ऑपरेशन : सत्तर वर्षांची शिकवणी

"ताई, वजनाच्या ऑपरेशनला दवाखान्यात किती दिवस राहावं लागतं?" हा प्रश्न हल्ली गटाच्या बैठकीत हमखास येतो. उत्तर सोपं आहे: बहुतेक दोन-तीन दिवस. पण त्या दोन-तीन दिवसांच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, हे कुणी विचारत नाही. घरी जाताना डॉक्टर सूचनांचा कागद देतात, तो पिशवीत राहतो. त्या कागदावरची एकेक ओळ कुठून आली, ते आज सांगते. त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सोसणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या.

सुरुवात झाली १९५४ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. क्रेमेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करत होते: लहान आतड्याचा कोणता भाग वगळला तर अन्न अंगी लागत नाही? पुढे हेच माणसांवर आलं. आपलं लहान आतडं वीसेक फूट लांब असतं. लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड या डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुरुवातीचं चौदा इंच आतडं शेवटच्या चार इंचांना जोडलं. मधलं सगळं बाजूला. म्हणजे अन्नाला अठरा इंचांची वाट.

वजन उतरलं, झपाट्याने उतरलं. बाई पोटभर जेवायची आणि तरी बारीक व्हायची. पण जे अन्न अंगी लागत नव्हतं त्याच्याबरोबर जीवनसत्त्वं, क्षार, सगळंच वाहून जात होतं. दिवसातून कितीतरी वेळा जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, आणि काहींचं यकृत कायमचं निकामी. कित्येकींचं पोट पुन्हा उघडून आतडं पूर्ववत जोडावं लागलं, आणि वजन परत आलं. १९८० च्या दशकात ही पद्धत मागे पडली. "ऑपरेशननंतर आयुष्यभर रक्ततपासणी" ही आजची सूचना या बायकांनी सोसलेल्या त्रासातून आली आहे.

दुसरा रस्ता आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी काढला. अल्सरसाठी ज्या बायकांचं अर्धंअधिक जठर काढलेलं असे, त्या नंतर बारीकच राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग १९६६ मध्ये त्यांनी जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो सरळ आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास. आतडं फारसं वगळायचं नाही, पिशवी लहान करायची. मेसन नंतरही आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत राहिले. मला या माणसाचं मोठेपण ऑपरेशनपेक्षा त्या वह्यांमध्ये जास्त दिसतं. आपणही वह्या ठेवणाऱ्या बायका आहोत म्हणून असेल कदाचित.

बायपासने नवीन गोष्ट शिकवली. साखरेचं सरबत किंवा गोड शिरा खाल्ला की ते भसकन आतड्यात उतरतं. मग घाम, धडधड, चक्कर, पोटात कळ. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. आपल्याकडे दवाखान्यातून आलेल्या बाईला पहिल्यांदा सरबतच पुढे करतात. इथे ते चालत नाही.

तोपर्यंत हे सगळं पोटावर लांब चीर देऊन होत असे. जखम पिकायची, नंतर हर्निया व्हायचा, बाई दिवसेंदिवस पलंगावर. १९९४ मध्ये सॅन दिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी पाच रुग्णांचा बायपास दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. आता बाईला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उठवून चालवतात. "आताच ऑपरेशन झालंय, झोपू दे तिला," असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हे कळायला हवं. चालवतात ते पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून.

दुर्बिणीमुळे तयारीलाही एक नियम मिळाला. जठरावर यकृताचा डावा भाग झाकणासारखा असतो. वजन जास्त असेल तर तिथे चरबी साचून तो फुगतो, आणि दुर्बिणीतून मागचं दिसत नाही. म्हणून ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनांचा आहार देतात, यकृत आकसतं. "आता शेवटचं मनसोक्त जेवून घे" म्हणून बहिणी पुरणपोळी घेऊन येतात ना, ती नेमकी याच पंधरवड्यात येते! मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर या दिवसांत डोस बदलावा लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू आणि मिश्री कितीतरी आधी सुटायला हवी. मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या बायका आपल्यात बऱ्याच आहेत. डॉक्टरांना ती सांगावीच लागते.

ऑपरेशन कुणाचं करायचं, हे १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने ठरवलं. बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर ३५. शिवाय आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनीही रुग्णाला आधी पाहावं. पुष्कळ जणींना हे दुसरं अपमानाचं वाटतं, "मी काय वेडी आहे?" तसं नाही. दुःखात, रागात, एकटेपणात खाण्याची सवय चाकूने कापली जात नाही, म्हणून ते विचारतात.

या आकड्यांत आपल्या पुण्याचाही हात आहे. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण दिसतो बारीक, पण आत चरबी जास्त. म्हणून आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणली: ३७.५, आणि आजार असेल तर ३२.५. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन साधारण ८७ किलो, किंवा मधुमेहासह ७५ किलोच्या वर, असा त्याचा हिशेब. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. विमा कंपन्या मात्र अजून ४० आणि ३५ चंच बोट धरून आहेत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत तेच आकडे आहेत, तेव्हा तारीख घेण्याआधी पॉलिसी वाचून घ्या.

आज जास्त होतं ते स्लीव्ह ऑपरेशन, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून बाहीसारखी नळी ठेवायची. ते खरं तर अर्धंच ऑपरेशन होतं. २००० च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये, फार वजनाच्या रुग्णांना मोठं ऑपरेशन एकदम झेपत नाही म्हणून पहिला टप्पा एवढाच करत. काहींचं वजन तेवढ्यानेच इतकं उतरलं, की दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही.

आता नंतरचं. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग मऊ कुस्करलेलं, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. कारण जठराला टाचण्या मारलेल्या असतात, ती शिवण भरून यायची असते. पाणी घोट-घोट, जेवणाबरोबर नाही. वरणाच्या वरच्या पाण्यात आणि पेजेत प्रथिनं नगण्य. ताक, दूध, अंडं, डॉक्टरांनी दिलेली पावडर यांवर भर हवा. उपवासाचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. नवरात्र त्या वर्षी देवीला सांगून सोडा. थांबत नसलेली उलटी, ताप, नाडीची धडधड, दम, पिंढरीला सूज यांतलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

आमच्या गटातल्या एका ताईंनी सहा महिन्यांनी गोळ्या बंद केल्या. वजन उतरलं होतं, तब्येत छान दिसत होती, आणि गोळ्यांना पैसे लागत होते. वर्षभरात पायांना मुंग्या, थकवा, बी-१२ आणि लोह तळाला. इंजेक्शनांनी त्या सावरल्या. तेव्हापासून या कारणासाठी कर्ज मागणारीच्या अर्जात ऑपरेशनच्या खर्चाखाली पुढच्या वर्षांच्या गोळ्या आणि तपासण्या लिहायला लावतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. हे कायमचं आहे.

साखरेचंही सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर पोरीस यांनी लिहिलं, की बायपास झालेल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आली. पुष्कळांची तर वजन उतरायच्या आतच. म्हणून ऑपरेशननंतर जुन्या डोसच्या गोळ्या सवयीने घेऊ नका, साखर एकदम खाली जाते. आणि काहींना वर्षांनी मधुमेह परततो, तेव्हा तपासणी थांबवायची नाही.

शेवटी तरुण मुलींसाठी. वजन उतरलं की बंद झालेली पाळी सुरू होते, आणि मूल नाही म्हणून वर्षानुवर्षं टोमणे खाल्लेल्या बाईला दिवस राहू शकतात. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं असतं, कारण आईलाच पोषण पुरत नसतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी पोटात नीट शोषली जाईलच असं नाही. तांबी किंवा दुसरं साधन ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि त्या वेळी नवऱ्यालाही सोबत बसवा.