कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी काय सुरू होतं? सिस्टिमडीवरून झालेल्या भांडणाची गोष्ट

नांदेडला जाणारी गाडी पूर्णा सोडते आणि थोड्या वेळात चुडावा येतं. परभणी-मुदखेड मार्ग एकेरी होता, तेव्हा समोरून गाडी येणार असली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला उभी. ती गेली की मग आपण.

लिनक्सवरचे कॉम्प्युटरही बरीच वर्षं असेच सुरू व्हायचे.

बटण दाबल्यावर कर्नल जागा होतो आणि पहिला प्रोग्राम चालू करतो, तो म्हणजे 'इनिट'. त्याचा प्रोसेस नंबर कायम 1. बाकी सगळे त्याची पोरं-नातवंडं, आणि तोच मेला तर अख्खी सिस्टिम कोसळते. त्याची जुनी पद्धत 1983 च्या युनिक्स सिस्टिम फाइव्हपासूनची. स्क्रिप्ट एकामागून एक चालायच्या, एक अडकली की मागच्या ताटकळत.

2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी यावर 'सिस्टिमडी' आणलं. त्यातली भारी आयडिया अ‍ॅपलच्या 2005 च्या 'लाँचडी'मधली. समजा, पोस्टमन अजून आलेला नाही, पण पेटी भिंतीला लावलेली आहे. लोक पत्रं टाकून कामाला लागतात, पोस्टमन आला की ती उचलतो. सिस्टिमडी तसंच आधी सगळ्या 'पेट्या' म्हणजे सॉकेट तयार करतं आणि मग सर्व्हिसेस एकदम सोडतं. कुणी कुणासाठी थांबायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेग हा अर्धाच फायदा. आधी एखादी सर्व्हिस आपली पिल्लं सोडून गायब झाली, तर ती कुणाची हे कळायचं नाही. सिस्टिमडी प्रत्येकीला कर्नलच्या सीग्रुपमध्ये ठेवतं. त्यामुळे बंद करायची तर सगळं बिऱ्हाड बंद होतं.

मग भांडण कशाचं? लॉग, लॉगिन, नेटवर्क अशी कामंही याच प्रकल्पात येत गेली. एक काम नीट करा, या युनिक्सच्या शिस्तीत वाढलेल्यांना हे पटेना. मला त्यांची भीती अगदीच खोटी वाटत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं 4-4 अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टिमडी जिंकलं. उबुंटूनेही मग स्वतःचं 'अपस्टार्ट' सोडलं. नाराजांनी 'डेव्हुआन' नावाची वेगळी चूल मांडली.

त्या एका मताचा परिणाम आपल्यापर्यंतही आला, कारण पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं 'बॉस लिनक्स' डेबियनवरच बेतलेलं आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र सिस्टिमडी नाही, त्याचा इनिट वेगळा.