चिलटाला गोड कसं कळतं?



केळी जास्त पिकली, संत्रं सडायला लागलं की त्यावर बारीक चिलटं घोंगावतात. आपण ती हाताने हाकलतो. पण याच फळमाशीला गोड कसं कळतं, हे शोधणाऱ्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

व्हेरोनिकाताईंचं घराणं मूळ गोव्याचं, जन्म 1953 चा, केनियातला. युगांडात कॉलेजला गेल्या, पण तिथल्या अशांततेमुळे आयर्लंडला जावं लागलं. 1976 साली डब्लिनमध्ये पदवी घेतली आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांच्याकडे संशोधनाला आल्या.

माशीच्या तोंडावर बारीक केस असतात. प्रत्येक केसात चव ओळखणाऱ्या मोजक्या मज्जापेशी असतात. त्या विजेच्या अगदी सूक्ष्म ठोक्यांनी मेंदूला निरोप देतात. ते ठोके पकडायला काचेची टोकदार नळी घ्यायची, तिच्यात साखरेचं पाणी भरायचं आणि टोक केसाला टेकवायचं. माशीला चव मिळते आणि त्याच पाण्यातून ठोके यंत्रापर्यंत येतात. पडद्यावर रेघा उमटतात. साखर जास्त, तर ठोकेही जास्त.

बैठकीत सगळ्या एकदम बोलल्या तर काहीच कळत नाही. एकेकीला विचारलं तर कळतं. हे तसंच आहे. इंग्लंडमध्ये एड्रियन यांनी 1926 साली एकेका मज्जातंतूचे ठोके टिपले होते. 1932 साली त्यांना नोबेल मिळालं.

1981 साली व्हेरोनिकाताई आणि सिद्दीकी यांनी एक वेगळी माशी जगापुढे मांडली. तिचे केस ग्लुकोजच्या जातीच्या साखरेला नीट उत्तर देत नव्हते, फळातल्या साखरेला मात्र देत होते. म्हणजे सगळं गोड एकाच वाटेने कळत नाही, आणि आनुवंशिक गुणात एक बदल झाला तरी त्यातली एक वाट बिघडते.

आता एका नळीऐवजी अनेक सुयांची जाळी वापरतात. 2004 साली अमेरिकेत हातपाय लुळे पडलेल्या तरुणाच्या मेंदूत अशी जाळी बसवली. नुसत्या विचाराने त्याने संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवला.

व्हेरोनिकाताई 2010 साली गेल्या. तेव्हा मैत्रिणींनो, घरातली मुलगी किड्या-मुंग्यांकडे बघत बसली तर रागावू नका. काय दिसलं, ते तिला विचारा.