म्युनिक १९३८ : त्या खोलीत कोण नव्हते?

मराठीत 'पानिपत' हे केवळ एका गावाचे नाव उरलेले नाही. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत विद्यार्थ्याचे होते. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे नेमके काय घडले हे ठाऊक नसलेला माणूसही तो शब्द बिनचूक वापरतो. जागतिक राजकारणात हेच भाग्य जर्मनीतील म्युनिक शहराच्या वाट्याला आले आहे. युक्रेन युद्धात तडजोडीचा विषय निघाला की कोणीतरी 'हे दुसरे म्युनिक' असे म्हणतो आणि वाद तिथेच मिटतो. त्या शब्दाचा रूढ अर्थ एकच : हुकूमशहापुढे झुकाल तर तो आणखी मागेल. हा अर्थ चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे, आणि या अपुरेपणाने बरेच नुकसान केले आहे.

आधी घटना पाहू.

पहिल्या महायुद्धानंतर जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियात सुमारे ३० लाख जर्मनभाषक राहत होते. त्यांची वस्ती मुख्यतः सीमेलगतच्या डोंगराळ सुडेटनलँडमध्ये होती. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या. मंदीचा फटका त्यांच्या कारखान्यांना अधिक बसला होता. हिटलरला मात्र तक्रारी सोडवायच्या नव्हत्या, जिवंत ठेवायच्या होत्या. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यानंतर त्याने सुडेटन जर्मन पक्षाचा नेता कोनराड हेनलाइन याला धोरण ठरवून दिले : प्राग सरकारला मान्यच करता येणार नाहीत अशा मागण्या करत राहायच्या. शेजारच्या देशातील आपल्या भाषेच्या लोकांचा असा 'कैवार' घेण्याची रीत २०१४ मध्ये क्रिमिया आणि दोनबास पाहिलेल्यांना ओळखीची वाटेल.

चेकोस्लोव्हाकिया दुबळा नव्हता, ही गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. २३ सप्टेंबर १९३८ रोजी त्याने सैन्याची सार्वत्रिक जमवाजमव केली, तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे शस्त्र घेऊन उभी राहिली. प्लझेनचा श्कोडा कारखाना तोफा आणि रणगाडे बनवत होता. सीमेवरच्या डोंगरांत काँक्रीटची तटबंदी उभी राहत होती. अपुरी, पण भक्कम. फ्रान्सशी परस्पर साहाय्याचा करार होता. सोव्हिएत संघाशीही १९३५ मध्ये करार झाला होता, मात्र त्यात मेख अशी की फ्रान्स आधी धावून आला तरच सोव्हिएत मदत बंधनकारक होणार होती. फ्रान्स जागचा हलला नाही.

२९ सप्टेंबरला म्युनिकमध्ये चौघे बसले : हिटलर, मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए. विषय होता चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीचा, आणि चेकोस्लोव्हाकियाचा एकही प्रतिनिधी त्या खोलीत नव्हता. बर्लिनमधील त्यांचे राजदूत मास्टनी आणि परराष्ट्र खात्यातील मासार्झिक यांना शहरातल्या एका हॉटेलात पहाऱ्यात बसवून ठेवले होते. मध्यरात्र उलटून बराच वेळ गेल्यावर त्यांना बोलावून मसुदा आणि नकाशा हातात देण्यात आला. त्यांच्या उत्तराची कोणालाच गरज नव्हती. मासार्झिक यांनी नोंदवून ठेवले आहे की चेंबरलेन एकसारखे जांभया देत होते.

१ ऑक्टोबरपासून दहा दिवसांत प्रदेश रिकामा करून द्यायचा, असे ठरले. चेक लोकांनी त्या रात्रीसाठी एक शब्दप्रयोग घडवला : 'आमच्याविषयी, आमच्याविना'.

चेंबरलेनला छत्रीवाला बावळट म्हणून हसणे सोपे आहे. त्याच्या पिढीने सात लाखांहून अधिक ब्रिटिश तरुण पहिल्या महायुद्धात गमावले होते. लष्करी सल्लागार सांगत होते की तयारी नाही. आणि तो परतला तेव्हा लंडनमध्ये गर्दीने त्याचा जयजयकार केला. शांतता हवी असणे हा त्याचा दोष नव्हे. त्या शांततेची किंमत दुसऱ्याच्या खिशातून चुकवणे, हा होता.

आणि ती किंमत म्हणजे निव्वळ जमीन नव्हती. सुडेटनलँडबरोबर डोंगर गेले, डोंगरांबरोबर तटबंदी गेली. लचके तोडायला बाकीचेही पुढे आले : पोलंडने तेशिन घेतले, हंगेरीने दक्षिण स्लोव्हाकिया. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा लढायला जागाच उरली नव्हती. पुढल्या वर्षी फ्रान्सवर चाल करून गेलेल्या जर्मन तुकड्यांत चेक बनावटीचे रणगाडे होते.

१९३८ च्या त्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरू युरोपात होते. प्रागला जाऊन आल्यावर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला पत्र लिहून ब्रिटिश धोरणावर टीका केली. वर्षभरातच, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. 'आमच्याविषयी, आमच्याविना' हे वेगळ्या अर्थाने आपल्याही इतिहासात आहे.

आता नुकसानीकडे वळू. अँथनी ईडन यांनी मुसोलिनीशी गोडीगुलाबी नको म्हणून फेब्रुवारी १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. हा माणूस पंतप्रधान असताना, २६ जुलै १९५६ रोजी, नासेरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ईडनना नासेरमध्ये मुसोलिनी दिसला, फ्रान्सच्या गी मोले यांना हिटलर. वास्तविक इजिप्तच्याच भूमीवरील एका कंपनीचा ताबा घेणे आणि शेजारचा देश गिळणे यांत काही साम्य नव्हते. तरीही इस्रायलशी गुप्त संधान बांधून दोघांनी हल्ला केला. अमेरिकेने आर्थिक नाड्या आवळल्या, पौंड डळमळला, ६ नोव्हेंबरला युद्धबंदी करावी लागली आणि जानेवारीत ईडन पायउतार झाले. जग सुएझकडे पाहत असताना सोव्हिएत रणगाडे बुडापेस्ट चिरडत होते.

जुलै १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममधील सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखांवर नेण्याची घोषणा केली, तेव्हा त्याच पत्रकार परिषदेत दाखला दिला तो म्युनिकचाच. पुढचे सर्वज्ञात आहे. दोन्ही वेळी प्रश्न एकच विचारला गेला : समोरचा हिटलर आहे का? आपल्याला न आवडणाऱ्या कोणाहीबाबत त्याचे उत्तर 'होय' असे देता येते.

युक्रेनला हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरे दोन विचारले पाहिजेत. वाटाघाटीच्या खोलीत कोण नाही? आणि मागितलेल्या भूमीवर नेमके काय आहे?

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी रियाधमध्ये अमेरिका आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री युद्धाविषयी बोलले. युक्रेनला बोलावणे नव्हते. १५ ऑगस्टला अलास्कात ट्रम्प आणि पुतिन भेटले. झेलेन्स्की तिथे नव्हते. दोनेत्स्क प्रांताचा जो भाग रशियाला लढून घेता आलेला नाही तोही युक्रेनने सोडावा, अशी मागणी पुढे आली. स्लोव्ह्यान्स्क, क्रामातोर्स्क ही तटबंदी केलेली शहरे त्याच भागात आहेत. सुडेटनलँडच्या नकाशाशी खरे साम्य इथे आहे, पुतिनच्या स्वभावात ते शोधत बसण्याची गरज नाही.

फरकही मोठे आहेत. युक्रेन लढतो आहे, प्रागला तशी संधीच मिळाली नाही. रशियाकडे अण्वस्त्रे आहेत, त्यामुळे 'तेव्हाच लढायला हवे होते' हा १९३८ चा युक्तिवाद आज जसाच्या तसा चालत नाही. युद्ध थांबवण्यासाठी बोलणारा प्रत्येक जण चेंबरलेन ठरत नाही. ज्या देशाची माणसे मरत आहेत त्याने स्वतः मेज गाठून केलेली कटू तडजोडही म्युनिक नव्हे.

मात्र कागदी हमीचा अनुभव दोघांचा सारखा आहे. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले आणि युक्रेनने सोव्हिएत वारशातील अण्वस्त्रे सोडून दिली. 'विश्वास पानिपतात गेला' असे मराठीत म्हणतात. युक्रेनचा २०१४ मध्ये क्रिमियात गेला.

रशियन फौजा कीव्हच्या वेशीवर असताना तिथे जाणारे पहिले परदेशी सरकारप्रमुख रेल्वेने गेले : पोलंड, स्लोव्हेनिया आणि चेक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान. तारीख होती १५ मार्च २०२२. हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या त्याला त्या दिवशी ८३ वर्षे झाली होती.